मायनं फोडलेला नारळ

आबा,

तुमचं विमान सुरतेत आलंय. हजीऱ्याच्या वाटेवर एका शेठनं जुन्या विमानांचं संग्रहालय काढलंय. तिथं हे बाँबफेकी विमान दुरुस्त करून उभं करणार आहेत. लढाईत तुम्ही याच जातीच्या विमानांचे नटबोल्ट आवळलेत, आणि त्या जोरावर लढाई संपल्यावरही घरच्यांवर जन्मभर हल्ले चालू ठेवलेत. पंख काढून ट्रेलरवर घातलेलं ते धूड कडोदऱ्याच्या चौकात अडकलं, तेव्हा चहावाल्यानं मला विचारलं, "आ कई मिलनुं बॉयलर छे?" मी म्हटलं, "आमच्या घरचं." तुमच्या देवाला या गावात एवढीच ओळख मिळाली, हे कळवताना मला फार बरं वाटतंय.

तो दसरा आठवतो? तुम्ही तोवर मिलच्या लूमखात्यात फिटर. तुमचे पाने, हातोड्या पाटावर मांडलेल्या, झेंडू वाहिलेला, आणि तुमची पाळी लांबलेली. आम्ही भावंडं पुरणाच्या वासानं कासावीस. शेवटी मायनंच नारळ फोडला. तुम्ही दारात येता आणि पाटावरची ओल बघता. आवाजही चढवत नाही. "बाईनं नारळ फोडला? माझ्या हत्यारांवर?" मग तिच्या दोन हातांत दोन भकलं देऊन तिला गल्लीत उभं करता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता, "हिला विचारा, आमच्या घरातला पुरुष मेला का?" शेजारणी सोनं द्यायला आल्या होत्या, त्या मान खाली घालून परत गेल्या.

मी आता इथल्या मराठी साप्ताहिकात लोकांच्या खोड्या काढणारं सदर लिहितो. त्या भांडवलावर शेठनं मला बोलावलं. दुरुस्तीचा पहिला बोल्ट सोडायच्या आधी पूजा आहे, दोन शब्द बोला म्हणाला. मी अट घातली, नारळ माझी माय फोडणार. दुरुस्तीचा मिस्त्री चाचरला, "साहेब, बाईमाणूस...?"

"तिनं आधीही फोडलाय," मी म्हटलं. "अनुभवी आहे."

गेलेल्या माणसाला डिवचायला माय यायलाच तयार नव्हती. "मरेल माणूसले कसाले चिडावस रे?" म्हणाली. पण निघताना बघतो तर नवं लुगडं नेसलेली.

पुढचं चाक नसल्यानं विमानाचं नाक कमरेइतकं खाली आलेलं. नारळासाठी मिस्त्रीनं जमिनीवर दगड ठेवला होता. मायनं दगडाकडे बघितलं, आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि नारळ सरळ नाकावरच हाणला. ज्या काचेमागं पोटावर पडून बाँब टाकणारा खाली बघायचा, ती काच इकडून तिकडं तडकली. शेठनं कपाळावर हात मारला. माय म्हणाली, "तुना बाप सांगे, याले तोफना गोया बी काय करत नही. हाई तं एका नारयमाच फुटी गयं!" आणि हसत सुटली. तुमच्या हयातीत मी तिला इतक्या मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. खोबरं तिनं स्वतः वाटलं. मिस्त्रीनंसुद्धा ओंजळ पुढं केली.

तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तुमच्यावर मी तिकीट वाया घालवलं नसतं. फक्त एक सांगायचं राहिलं. काल मिस्त्री विचारत होता, अशी काच चौकटीत परत बसवायची कशी, हे सुरतेत कुणाला ठाऊक असेल? माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, आबांना विचारतो."