काळं म्हणजे हवा

१२ डिसेंबर २००३, शुक्र.

सुनेच्या भावाले चहा पाजला, तिथंच चुकलं. कप खाली ठेवला अन् बहिणीले म्हणते, "वनिता, पोरीचे कपडे भर." माह्या घरात बसून! माह्या साखरेचा चहा पिऊन! माह्या पोटचा सुधाकर खाटेवरून नुसता पाहून राह्यला. दोघी मायलेकी चिमूरच्या बसनं गेल्या. नातीनं, पिंकीनं, खिडकीतून हात हलवला. तिले वाटलं जत्रेले चालली.

जय भीम. साक्षरतेच्या वर्गातल्या बाईनं सांगतलं होतं, हे पहिले लिवाचं. आज राह्यलं.

१३ डिसें., शनि.

सगळं त्या फोटोनं झालं. सुधाकरचा खोकला जात नाई. खदानीच्या दवाखान्यात एक्सरेवर डाग दिसला. म्हणून परवा चंद्रपूरले सीटी काढली. फिल्म हातात दिली, डॉक्टरीण भेटणार मंगळवारी. तोवर गप राहावं ना! पण शेजारचे देवरावभाऊ आले. जन्म खदानीत काढून रिटायर झाले, सगळं त्यायलेच समजते. अंगणात फिल्म उन्हावर धरली. चित्रंच चित्रं, पापड वाळू घातल्यावानी. दरेकात छाती आडवी कापलेली. आत दोन्ही बाजूनं काळंकुट्ट, त्यात पांढऱ्या मुळ्या.

"हे घ्या," देवरावभाऊ म्हणते, "कोळसाच हाये. अन् काळीज पाहा, ढकलून उजवीकडं नेलं."

सगळ्यायनं माना हलवल्या. मीही. आमच्या कॉलनीत कोळसा वळखाले कोणाले शिकवा लागत नाई. बोंब चिमूरपावतर गेली. सुनेचा भाऊ आला तो "हा रोग लेकराले लागंल" म्हणतच आला.

१४ रवि.

सुधाकर भिंतीकडं तोंड करून. मंग एकदम, "माय, बाबाचंही असंच काळं होतं का?"

"तुह्या बापाचा फोटो कोणी काढला? खोकत खोकत गेला. झालं."

भाकर ठेवली. मांजरीनं खाल्ली.

१६ मंगळ.

चंद्रपूर. डॉक्टरीण पोरगीच आहे, पण नीट बोलते. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली अन् म्हणते, "आजी, सगळं नॉर्मल आहे."

मी म्हटलं, "एवढं काळं, अन् नॉर्मल?"

"काळं म्हणजे हवा. फेफड्यात हवाच पाहिजे. त्या मुळ्या म्हणजे रक्ताच्या नळ्या, कडेले बारीक होत जातात. हे काळं गोल, ती श्वासाची नळी, खाली दोन फाटे. उजव्या फेफड्याचे तीन भाग, डाव्याचे दोन, काळजाले जागा पाहिजे ना."

"काळीज तर उजवीकडं सरकलं."

हसली. म्हणे माणूस झोपला अन् आपण पायाकडून पाहून राह्यलो, असा फोटो असते. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताले येते. काळीज जागेवर आहे. एक्सरेतला डाग? बरगडी कधी मोडून जुळली, त्याची गाठ. खोकला बिडीचा. बिडी सोडाची, कामावर तोंडाले कपडा बांधाचा.

"मंग खराब कसं दिसते, बाई?"

"खराब जागा पांढरी दिसते. हवा जाते, पांढरं भरते."

सुधाकर चपलीकडं पाहून राह्यला. वाटलं, आता मले रडू येईल. नाई आलं. बसमधी भुईमुगाची फल्ली खाल्ली. टरफलं वटीत ठेवली, घरी येऊन चुलीत टाकली.

१७ बुध.

बोकडाचं फेफडं हंडीत वर तरंगते, कितीही दाबा. कलेजी बुडते. आता समजलं, आत हवा असते.

म्हणजे माह्या बुढ्याचं फेफडं पांढरं असंल. इतके वर्स मी काळं समजून बसली.

भांडे घासले.

१८ गुरु.

सुधाकर ड्युटीवर गेला नाई. "डॉक्टर लोक धीर देते, माय."

"धीर द्याले तिचा तू कोण लागतं?"

देवरावभाऊ म्हणते फिल्म बदलली असंल. म्हटलं, भाऊ, तुमच्या डोस्क्याची काढा एखादी. गेले उठून. जाऊ दे.

खाटेखाली बिडीचे थोटकं आहेच.

२० शनि.

नाक्यावरचा एसटीडी फोनवाला सांगत आला. वनिताचा फोन होता. उद्या दुपारी पुन्हा लावते. इचारते का डॉक्टर काय म्हणते, अन् आम्ही येऊ का नको. भावाच्या घरी पिंकी रोज इचारते म्हणे, जत्रा कधी सरते.

सुधाकर म्हणते, "तूच बोल ना, माय. सांग नॉर्मल आहे म्हणून."

"तुले पटलं का?"

त्यानं बिडी पेटवली.

मी बोलली तर ती म्हणंल, बुढी पोराची बाजू घेते. भाऊ तर म्हणंलच. अन् ज्याले सोताच्या छातीचं पटत नाई, त्याच्यापाशी ती लेकरू घेऊन काऊन येईल?

एसटीडीवाल्याले सांगून ठेवलं, उद्या मले हाक मारू नको. देवरावभाऊ आडवे आले तर त्यायलेही फोन देऊ नको. छाती सुधाकरची, बायको सुधाकरची. फोन त्यानंच उचलाचा.