मुलांचं छोटं ऑस्कर

बालीगंज, जानेवारी १९७४. संध्याकाळ.

कशाला बोलले मी? मासिकात वाचलं होतं, की हॉलिवूडमध्ये पूर्वी मुलांना छोटं ऑस्कर देत, मोठ्यांच्या निम्म्या उंचीचं. गंमत वाटली, म्हणून गच्चीवर वाळलेले कपडे काढताना शेजारच्या शेफालीदींना सांगितलं. त्यांच्या मुलीने, मिठूने, लहानपणी सिनेमात काम केलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं.

त्यांनी हातातली चादर खाली ठेवली. "आमच्याकडे मोठ्यांएवढंच बक्षीस दिलं," म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी उंची दाखवली. "तोवर मिठू टायफॉइडने गेली होती. मीच जाऊन घेतलं. तिला उचललंही नसतं."

मी ती चादर उचलून घडी घालू लागले. मग त्यांनीच विचारलं, "ती मुलं पुढे मोठी झाली का ग?"

"हो, झाली ना!"

मासिकात तसं काही नव्हतं. इतकं ठामपणे का सांगितलं मी? त्यांनी मान हलवली, पण हात तसेच हवेत.

आता माझी सुमी समोर अभ्यास करतेय आणि मला तिच्याभोवती ते दोन हातच दिसताहेत. सारखी तिच्या कपाळाला हात लावतेय. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आई, मला ताप नाहीये. तुझाच हात गार पडलाय."