नळीतली चार बोटं

२ ऑक्टोबर, दसरा
बर दुबईच्या ऑफिसात शस्त्रपूजा. ड्रिल मशीन, पक्कड, डक्ट कापायची कात्री मांडली. झेंडू मीना बाजारातून. आमचे इथले पार्टनर यहयासाहेब नेमके आले, म्हणाले हे काय. सांगितलं, वर्षातून एकदा हत्यारं पुजतो, आमच्या घराण्याच्या रक्तातच शस्त्र आहे. (आजोबा पोस्टात होते. पण शिक्के काय दणादण मारायचे.)
यहया गहिवरले. त्यांच्या आजोबांची ठासणीची बंदूक आहे, माणसाच्या खांद्यापर्यंत येईल इतकी लांब, तांब्याच्या टोपीवर घोडा आपटला की उडणारी. घोडा गंजून बसलाय. १७ तारखेला मुलाचं लग्न. पुरुषांच्या नाचात नवरदेवाने हीच बंदूक धरायची, ही त्यांच्या घरची रीत. मी म्हटलं, हबीबी, द्या इकडे.
अबुधाबी ब्रँचचा मॅनेजर ते याच महिन्यात ठरवणार. मी किंवा माझा ज्युनियर वेदांग. वेदांगला आज साधी उदबत्ती पेटवता आली नाही.

३ ऑक्टोबर
यहया स्वतः बंदूक घेऊन सिलिकॉन ओएसिसला आमच्या घरी आले. परवाना त्यांच्या नावाचा, त्यामुळे मी ती घराबाहेर न्यायची नाही. हिंदीत बजावलं, देवदत्त, सिर्फ घोडा खोलना, तेल डालना, नली को हाथ मत लगाना. माणूस भिडस्त आहे, जास्त काम सांगायला संकोचतो. मी पूर्ण रिस्टोरेशन करणार.
संध्या म्हणाली, अहो, हत्यारं रक्तात आहेत तर तो मिक्सर बघा, गणपतीपासून उघडून ठेवलाय. मिक्सर आणि शस्त्र यातला फरक समजावत बसलो नाही.

४ ऑक्टोबर
घोडा सुटला. स्क्रू पर्णिकाने फिरवला, मार्गदर्शन माझं. पोरगी बारावीत आहे, तिलाही कळू दे रक्त म्हणजे काय. ती म्हणाली, बाबा, इट वॉज जस्ट टाइट.

५ ऑक्टोबर
आज नळी. आमच्या घरात बनियन मरत नाही. अंगावरून उतरलं की फर्निचर, मग गाडी, मग लादी. गाडी पुसायच्या वयाला आलेलं एक घेतलं, फाडून दोन तुकडे केले. पहिला बंदुकीच्या गजाच्या टोकाला गुंडाळून नळीत ठासला. गज बाहेर आला, तुकडा नाही. जुनं लोखंड कापड खात असावं. खात्रीसाठी दुसरा घातला. तोही खाल्ला. नळी आतून आरशासारखी झाली असणार.

८ ऑक्टोबर
नेटवर वाचलं की रिस्टोरेशनची पहिली पायरी म्हणजे बंदूक भरलेली आहे का ते बघणं. ही पहिली पायरी लोक शेवटी का लिहितात कळत नाही. गज आत टेकेपर्यंत घालायचा, नळीच्या तोंडाशी खूण करायची, मग तोच बाहेरून नळीला लावून बघायचा. पाहिलं. चार बोटं कमी.
म्हणजे तळाशी बार आहे. यहयांच्या आजोबांनी भरला आणि उडवायचा राहिला.
बंदूक दिवाणावर होती, तोंड टीव्हीकडे. अलगद बाल्कनीकडे वळवली तर समोरच्या टॉवरमधले गृहस्थ चहा पीत होते. पुन्हा टीव्हीकडे.
संध्याने विचारलं, ते बनियन कुठे गेलं हो? म्हटलं, इथे जिवावर बेतलंय आणि तुला कपड्यांचं पडलंय.

९ ऑक्टोबर
बंदूक पाहुण्यांच्या बाथरूममध्ये हलवली. तोंड कमोडकडे, दुसरी सुरक्षित दिशा फ्लॅटमध्ये नाही. एसी अठरावर, उष्णता नको. कुकर बंद, शिट्टीचा हादरा नको. संध्या म्हणाली, वरण उघड्या पातेल्यात शिजवतेय, लग्नापर्यंत शिजेल. पर्णिका म्हणाली, बाबा, देअर इज नो कॅप ऑन इट, इट कान्ट फायर. अँड प्लीज जस्ट टेल अंकल. थिअरी आहे सगळी. सांगेन, योग्य वेळी, इन्शाल्ला.

११ ऑक्टोबर
वेदांग फाइल द्यायला आला आणि बाथरूम कुठे म्हणाला. आतलं दाखवेपर्यंत पाहुण्यांच्यात शिरला. आतून बराच वेळ काहीच आवाज नाही. मी पॅसेजमध्ये कान लावून. बाहेर आला तेव्हा पांढरा पडला होता. म्हणाला, सर, तुम्ही बरे आहात ना? काही टेन्शन असेल तर बोला. माझी छाप पडलेली दिसतेय.

१३ ऑक्टोबर
यहयांचा फोन. वेदांगने ऑफिसभर केलंय. आवाज अगदी हळू होता, तो ओरडण्यापेक्षा वाईट. म्हणाले, देवदत्त, मेरे दादा की बंदूक बाथरूम में? मुलाने ती हातात धरायची आहे चार दिवसांनी. अबुधाबी डोळ्यांसमोरून चाललं. मग एकदम सुचलं. म्हटलं, हबीबी, इज्जतीसाठीच ठेवली. तुमच्या दादांचा शेवटचा बार अजून आत आहे.
मग म्हणाले, मी येतो.
संध्याने पुन्हा बनियनचा विषय काढला. दार लावून घेतलं.

१४ ऑक्टोबर
यहया आले, बंदूक आणि मला त्यांच्या व्हिलावर घेऊन गेले. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, सगळे वडीलधारे जमलेले. मी उभं राहून बोललो. शेवटचा बार, तो भरून ठेवणारा हात, पिढ्यानुपिढ्यांची प्रतीक्षा. यहयांच्या काकांनी डोळे टिपले. ते लहान असताना दादांनीच त्यांना ही बंदूक धरायला शिकवलं होतं.
सगळे अंगणात. मुलांना आत पाठवलं. नवरदेवाला आईने दारातच अडवलं. बंदूक वाळूच्या पोत्यांवर आडवी, नळीत पाणी सोडून बराच वेळ भिजवली. काकांनी दुआ म्हटली. मग यहया नळीच्या तोंडाच्या बाजूला उभे राहिले, गजाच्या टोकाला अडकलेलं ओढून काढायचं मळसूत्र लावलं आणि हळूहळू फिरवत आत घातलं. कोणी हलत नव्हतं. काहीतरी अडकलं. त्यांनी ओढलं.
आधी एक पट्टी आली. मग गळा. गळ्याला शिवलेला, ९५ सेंटिमीटर माप लिहिलेला टॅग. पुन्हा घातलं, तर उरलेला अर्धा भाग. गज आत घालून खूण बघितली. नळी पूर्ण मोकळी.
काका बराच वेळ टॅग वाचत होते. मग यहयांना विचारलं, हा कोणाचा दादा?
मजलिसमध्ये कॉफी झाली. मला पहिली दिली.

१८ ऑक्टोबर
काल लग्न. नवरदेवाने बंदूक अशी काही फिरवली, की घोड्याला माझं तेल लागलंय हे जाणकाराला लगेच कळावं. निघताना यहयांनी सगळ्या पाहुण्यांसारखीच मलाही मिठाईची पिशवी दिली. घरी उघडली. खजूर, बदाम, आणि तळाशी बनियनचे दोन्ही तुकडे. धुतलेले, इस्त्री केलेले, घडी घातलेले.
संध्या म्हणाली, वेदांगची बायको अबुधाबीत मुलांसाठी शाळा बघतेय. असेल. अजून मेल आलेला नाही. आणि मनात राग असता तर माणसाने इस्त्री केली असती का?
दुपारी मोकळा आहे. मिक्सर घेतो. फडकं हाताशी आहे.