मागच्या रांगेचा आवाज

३ नोव्हें., सोम.
शाळूसोबती करीम रविवारी हैदराबादला चालला, लेकाकडे, कायमचा. मुदखेडातलं त्याचं शिलाईचं दुकान केव्हाच बंद. आता डोळेही पुरते गेले. जाण्याआधी त्याला एकदा आमच्या चौथीच्या वर्गात बसवायचंच. शाळा पाडून जमाना झाला, एवढीच काय ती अडचण!
नात मुक्ता लातूरला हेच काम करते, नसलेल्या जागा कॉम्प्युटरवर उभ्या करायचं. हेडसेट चढवला की भोवती अख्खा वर्ग. क.ला दिसायचं काही नाही. मु. म्हणते, "आबा, मी आवाजाला जागा देते. मान कुठंही वळवा, घंटा दारातच वाजेल."

४ नोव्हें., मंगळ.
मु. सुटी काढून नांदेडला माझ्याकडे आली. घंटा उजवीकडे, रेल्वे मागं, गुरुजी समोर. नदीची कविता मी नि बागेतल्या चार मित्रांनी एका सुरात म्हटली. मशीनने आमच्या गळ्यांची पोरं केली! छपराचा प्रतिध्वनी मी हट्टाने घालून घेतला. प्रत्येक ओळ म्हटली की ते पत्र्याचं छप्पर मागून हळूच म्हणायचं... अहाहा.
मु.ला शंका : "पत्रा असा बोलत नाही, आबा."
म्हटलं, तू होतीस का तिथं?

५ नोव्हें., बुध.
मुदखेड. क. हेडसेट घालून मान फिरवून राहिला. घंटेला हसला. रेल्वे आली तर, "मालगाडी हाय." कविता सुरू झाली आणि गड्याने हेडसेट काढूनच ठेवला.
"कुणाची शाळा हाय ही?"
"आपली!"
"न्हाई. मागून वरून कोण बोलून राहिलं?"
"छप्पर. प्रतिध्वनी."
हसून हसून ठसका लागला त्याला. "अबे दत्त्या, कशाचं छप्पर! आम्ही होतो ते, मागच्या रांगेतले. पाठ कुणाला होतं? तुम्ही पुढचे शब्द टाकायचे, आम्ही उचलायचो."
आणि मी जन्मभर त्या पत्र्याला कवी समजत होतो.

७ नोव्हें., शुक्र.
मु.ने छप्पर पुसलं. क.ला नांदेडला घरी आणलं. मी पुढं, तो मागं भिंतीशी, दोघांपुढं माइक. पठ्ठ्याला कविता अजून पाठ नाही! माझ्या तोंडातून शब्द सुटला की झेलतो. मु. खूश : "चाचा, अजिबात सुधारू नका."
"सुधारायचं वय हाय का, बेटी?"
या खेपेला त्याची जागा मागच्या रांगेत. पहिल्यांदा मी माझ्याच जागेवर बसवलं होतं त्याला. सुचलंच नाही.

८ नोव्हें., शनि.
क. वर्गात. मी शेजारी. कविता संपली. मग डावीकडे, आमच्या फ्रिजकडे तोंड करून तो हळूच म्हणाला, "सरक की जरा."
कुणाला, ते मी विचारलं नाही. मु. डोळे पुसत चहा टाकायला गेली.

९ नोव्हें., रवि.
स्टेशन. "कधी येशील?"
"आधी मैदान कर. वर्गापरीस मी तिथंच जास्ती होतो."
गाडी हलली. घरी येऊन मु.ला सांगितलं, तर वही उघडून बसली : मैदानात कुठून कुठला आवाज? मला कुठं ठाऊक, मी मधल्या सुटीतही वर्गातच, पुस्तकात डोकं घालून. क.लाच विचारावं लागणार. एका फोनमध्ये काही भागायचं नाही...