चाखायचं नाही

२८ एप्रिल, मंगळवार
कालच्या नोंदीत चूक झाली. सासूबाई मला 'नालायक' म्हणाल्या असं लिहिलं. त्या 'बिनकामाची' म्हणाल्या होत्या. कोणाबद्दल खोटं लिहू नये, आई हेच शिकवत आली. शिवाय 'बिनकामाची' म्हणजे हिला काम शिकवलं पाहिजे, असाही अर्थ निघतो.

दुसरी दुरुस्ती. माहेरी उमरेडला जाऊ नको, असं त्या म्हणाल्याच नाहीत. दहा तारखेला पिंकीचं लग्न, सख्खी बहीण, कोण अडवेल. फक्त आधी उपासाचे आलू चिप्स वाळून डब्यात गेले पाहिजेत. नागपूरचं ऊन आहे. दोन दिवसांचं काम.

३० एप्रिल, गुरुवार
आलू सोलले, कापले, तुरटीच्या पाण्यातून काढले. उकळत्या पाण्यात मीठ टाकून एक काप चाखणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "चाखू नको वं. उपासाचं हाय, उष्टं होते." बरं झालं, आठवण दिली. मीठ अंदाजाने. गच्चीवर जुन्या साडीवर पसरले.

२ मे, शनिवार
तळून पाहिले. खारट.
सासूबाई म्हणाल्या, "समुद्र वाळवला का वं गच्चीवर?" मी म्हटलं, चाखू नको म्हणालात. त्या म्हणाल्या, "मंग डोळे काहून दिले देवानं?" नवरा, वैभव, हसला. बुटीबोरीच्या कारखान्यातून दमून येतो. माझ्यामुळे हसला, तेवढंच.
पुन्हा करायचे. वेळ भरपूर.

५ मे, मंगळवार
या वेळी एक काप चाखला. मीठ अगदी बरोबर. पण मनाला लागून राहिलं, म्हणून स्वतःच जाऊन सासूबाईंना सांगितलं. "सारे उष्टे केले. देवाले चालन का हे?" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. प्रगती आहे.

८ मे, शुक्रवार
मोठ्या मनाच्या आहेत. उष्टे चिप्स फेकले नाहीत, पिंकीच्या लग्नात आहेराबरोबर नेणार. म्हणाल्या, "तुह्या माहेरच्यांले चालते उष्टं." खरंच आहे, पिंकी लहानपणी माझ्याच ताटात जेवायची. त्यांच्या किती लक्षात असतं.

तिसरी खेप उद्या. रविवारी गच्चीवर माकडं हाकलायला भरवशाचं माणूस हवं. वैभव म्हणाला, आई म्हणते तसं कर. म्हणजे भरवशाची मीच.

१० मे, रविवार
सकाळी सासूबाई आणि वैभव लग्नाला गेले. लग्नासाठी इस्त्री केलेली साडी नेसून मी गच्चीवर बसले, हातात काठी.

दुपारी पिंकीचा फोन. "ताई, काहून नाही आली वं? करवली म्हणून लतिकाले उभं केलं शेवटी." लतिका म्हणजे शेजारची. मग नाक ओढत म्हणाली, तुह्या सासूनं चिप्स मस्त केले, मीठ एकदम बरोबर. आईने त्यांना कृतीसुद्धा विचारली. सासूबाईंनी सांगितलं, मीठ नेहमी चाखूनच टाकायचं.

मी फोन घेऊन आडोशाला गेले होते. तेवढ्यात वावटळ आली, मागोमाग गारा. चिप्सचा लगदा झाला.

११ मे, सोमवार
सासूबाईंनी विचारलं, "लग्नालेही नाही गेली, चिप्सही नाही झाले. केलं काय मंग दिवसभर?" प्रश्न रास्त आहे.

पण आता बास. पिंकी पहिल्यांदा माहेरी येईल, तेव्हा तरी मला जायचंय. चिप्स झाले की जा, म्हणाल्यात. यापुढे मी गप्प बसणार नाही. शुक्रवारी, १५ मेला, सकाळचा चहा झाला की त्यांच्या तोंडावर स्पष्ट सांगणार आहे: या वेळी मीठ तुम्ही टाका.