हिच्यासाठी बोलके ठोकळे

३ फेब्रुवारी, मंगळवार

दूध उतू गेले. मी नुकताच शेगडीसमोर उभा होतो, तरी!

बाहेरच्या खोलीत ही खुर्चीच्या हातावर चमचा आपटत होती. मला वाटले, चहा हवा असेल. म्हणून बाहेर येऊन अत्यंत स्पष्ट उच्चारांत विचारले, "तुला चहा हवा आहे का?" तिने डोळे मिटून घेतले. आणखी जोरात आपटले. "पाणी हवे आहे का?" पुन्हा चमचा. "उशी सरकवू का?" प्रश्नावली संपवून आत गेलो, तेव्हा शेगडी, ओटा आणि माझी चप्पल, सगळे पांढरे झाले होते.

बाहेर बसून तिला वास आला. समोर उभे राहून मला आला नाही. पक्षाघाताच्या झटक्याने तिचा उजवा हात नेला आणि वाचा नेली. नाक शाबूत आहे. माझे काय शाबूत आहे, हा संशोधनाचा विषय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाचोपचार करणाऱ्या बाई आल्या होत्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या, आवाजात मात्र मुख्याध्यापिका. हिच्यासमोर कप धरून म्हणाल्या, "आजी, हे काय आहे?" हिने खिडकीबाहेर पाहिले. मला राहवले नाही — "कप." 

"आजोबा, तुम्हाला विचारलं नव्हतं!"

जाताना दाराशी थांबून हळू म्हणाल्या, "त्यांना समजतं सगळं. पण त्या प्रयत्न सोडायला लागल्यात. माणूस एकदा मनातून गप्प झाला ना आजोबा, की मग माझ्या हातात फार काही राहत नाही. काहीतरी करून आधी त्यांचं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचू दे. चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं एखादं अ‍ॅप बघा."

उभे आयुष्य छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढले. लोकांचे शब्द तपासले. आता घरात तपासायला शब्दच नाही, आणि हे यश साजरे करावे असे काही वाटत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा व्हिडिओ कॉल. तयार अ‍ॅप दाखवले. त्यातील बाई "मला पानी हवा आहे" असे म्हणाली. मी ते तत्काळ काढून टाकायला लावले.

"मग तुम्हीच बनवा," मुलगी म्हणाली. "खरंच सांगते, बाबा. काही लिहायचं नसतं. रंगीत ठोकळे असतात. ओढायचे आणि जोडायचे. शाळेतली मुलं करतात."

शेवटचे वाक्य तिने उत्तेजन म्हणून उच्चारले असावे.

तिचा जुना लॅपटॉप माळ्यावर होता, तो काढला. टॅबलेट हिच्यासाठी ती मागेच देऊन गेली होती. मी म्हणालो, "पडद्यावर कळा किती असाव्यात?" ती म्हणाली, "कळा? कुठे येताहेत कळा, बाबा? बटणं म्हणा!" बटण तर बटण. पाणी, चहा, खिडकी, पंखा, उशी, दुखते आहे — इतकी ठरली. "दूध?" तिने विचारले. मी म्हणालो, तुझी आई दूध पीत नाही. अनावश्यक शब्द छापू नये.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला ठोकळा जोडला! पिवळा ठोकळा म्हणतो: 'हे बटण दाबले जाईल तेव्हा'. त्याच्या पोटात जांभळा: 'हा ध्वनी वाजव'. दोन्ही जवळ आणले की 'टक्' असा आवाज होऊन बसतात. विजोड ठोकळे बसतच नाहीत. दूर ढकलले जातात. छापखान्यात अक्षरांचे असे खिळे असते, तर माझी नोकरी पहिल्याच दिवशी गेली असती.

एका पिवळ्यात दुसरा पिवळा कोंबण्याचा प्रयत्न जेवणाच्या वेळेपर्यंत केला. दोष ठोकळ्याचा असल्याचे मुलीला कळवले. तिने हसण्याचे चित्र पाठवले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सगळी बटणे बोलू लागली. मी स्वतः ध्वनिमुद्रण केले. वाक्ये निर्दोष. उद्या उद्घाटन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहावे की न लिहावे?

टॅबलेट हिच्यासमोर स्टँडवर उभा केला. दोन शब्द बोललो. (दोनाहून अधिक झाले.) ही बराच वेळ पाहत राहिली, मग डाव्या हाताचे बोट उचलून पंख्याच्या चित्रावर ठेवले. माझा आवाज घुमला: "मला पिण्यासाठी कोमट पाणी हवे आहे." मी पाणी आणून दिले. तिने मान हलवली, पुन्हा पंखा दाबला. पुन्हा पाणी. मग खिडकी — पाणी! उशी — पाणी! मी एकामागून एक पेले आणून ठेवत होतो आणि मनात म्हणत होतो, केवढी तहान लागली आहे बिचारीला! तिने शेवटी हात फिरवून सगळे पेले एका फटक्यात खाली पाडले.

ठोकळ्यांची पहिली जोडी नीट जमली, म्हणून उरलेल्या सर्व बटणांसाठी मी तिच्याच प्रती काढल्या होत्या. आतला ध्वनी बदलायचा राहून गेला. एकच ओळ सर्वत्र छापून गेली आणि मुद्रितशोधकाने तिच्यावर सही केली!

फरशी पुसली. पंखा बंदच होता. ही घामाने भिजली होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

चूक दुरुस्त केली. आता पंखा म्हटले की पंखा, उशी म्हटले की उशी. ही ढुंकून पाहत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी सगळी बटणे दाबून ऐकली. ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "काम छान केलंय. पण आजोबा, हा तुमचा आवाज."

"अर्थात."

"आजींच्या तोंडी तुमचा आवाज! आणि ही भाषा! 'मला अस्वस्थतेची जाणीव होत आहे.' तुम्ही असता तर दाबलं असतं हे बटण?"

मी दाबले असते. पण तसे सांगितले नाही.

ही तोवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. हल्ली खिडकीकडेही पाहत नाही. भिंत पाहते.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलगी म्हणते, "मावशीचा आवाज घ्या ना! फोनवर आपण सगळेच फसायचो."

खरे आहे. दोघी बहिणींचा आवाज एका साच्यातला. लग्नानंतर कित्येक महिने मी फोनवर मेहुणीशी अर्धा संवाद करून मग ओशाळत असे. अडचण एवढीच, की मेहुणी माझ्याशी बोलत नाही. तिच्या शिवणकामाच्या दुकानाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा तिने छोटेसे भाषण केले होते. त्यातील चुका मी चहापानाच्या वेळी तिला क्रमाने सांगितल्या. चांगल्या हेतूने! ती बहिणीला भेटायला येते, तेव्हा मी आतल्या खोलीत असतो, आणि माझी विचारपूस ती बूट ठेवण्याच्या कपाटाकडे पाहून करते.

फोन उचलला. ठेवला. पुन्हा उचलला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. बोलायचे आधी कागदावर लिहून काढले होते. तिने "हॅलो" म्हटले आणि मला कागदावरची पहिली ओळच सापडेना — तो आवाज! हिचा आवाज!

"कोण आहे? भाऊजी, तुम्ही का? ताईला काही झालं का? अहो बोला की!"

"नाही, नाही. मला तुझा... आवाज हवा आहे."

"काय हवाय?"

सगळे सांगितले. ती म्हणाली: "ऐकून घ्याल ना भाऊजी आमचं अडाण्याचं? की मध्येच लाल शाई काढाल?"

"काढणार नाही."

"लिहून द्या."

थट्टा होती हे मला नंतर कळले. तोवर मी लिहायला घेतले होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणी आली. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, टॅबलेट तिच्यासमोर ठेवला, माझी वाक्ये हातात दिली. तिने पहिले वाचले — "मला चहा प्यावासा वाटत आहे" — आणि कागद उलटा ठेवला.

"भाऊजी, ताई असं कधी बोलली हो? जन्मात?"

"अर्थ तोच आहे."

"अर्थ गेला चुलीत! ती म्हणायची, 'चहा टाकता का जरासा?' आणि तुम्ही उठायचा नाहीत, मग म्हणायची, 'राहू दे, मीच टाकते.'"

"'जरासा' कशाला? चहा ही मोजून..."

"बघ गं ताई! बघ! सुरू झाले पूर्णविरामराव!"

आणि खुर्चीतून आवाज आला. खोकल्यासारखा, अडखळलेला. आम्ही दोघेही वळलो. ही हसत होती! अर्ध्याच ओठाने, पण हसत होती. डोळ्यांतून पाणी. मेहुणी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. मी आधीच बंद असलेला पंखा बंद करायला गेलो.

मग ध्वनिमुद्रण झाले. "चहा टाकता का जरासा?" "अहो, उकडतंय किती!" "ती उशी सरकवा, मान गेली माझी." सर्व वाक्ये माझ्या दृष्टीने सदोष. एकालाही हात लावला नाही. मेहुणीने स्वतःच्या मनाने आणखी एक बटण करायला लावले, लाल रंगाचे: "पुरे आता तुमचं!"

"याची गरज नाही," मी म्हणालो.

"हेच सगळ्यात जास्त लागणार."

१ मार्च, रविवार

हेच सगळ्यात जास्त लागते.

बातम्या देणाऱ्या मुलाने "मोठी प्रचंड गर्दी" असे म्हटले. मी तोंड उघडले. "पुरे आता तुमचं!" फोनवर मुलीला ठोकळ्यांच्या रंगांचे तर्कशास्त्र समजावत होतो. "पुरे आता तुमचं!" मुलगी पलीकडून ओरडली, "आई!" आणि दोघी... म्हणजे एक रडत होती आणि दुसरी पुन्हापुन्हा ते लाल बटण दाबत होती.

चहा टाकला. जरासा.

५ मार्च, गुरुवार

बाई खूश झाल्या, आणि मग झाल्या नाहीत.

"भिंतीकडे बघणं सुटलं, हे फार मोठं आहे. पण आता तोंड वापरतच नाहीत, बोटच वापरतात. बटण दाबायच्या आधी एकदा तरी म्हणायचा प्रयत्न करू दे त्यांना. नाहीतर हाच आवाज त्यांचा होऊन बसेल."

तिच्या घशात स्वतःचा आवाज कुठे तरी आहे, आणि त्याच्या दारात मी नेमका दुसऱ्याचा आवाज आणून ठेवला! वा, पंडित!

८ मार्च, रविवार

उपाय सापडला. ठोकळ्यांत एक घड्याळ आहे. 'बटण दाबले जाईल तेव्हा' आणि 'ध्वनी वाजव' यांच्यामध्ये ते बसवले, की यंत्र थोडे थांबते आणि मग बोलते. त्या अवकाशात तिने स्वतः प्रयत्न करावा. 'टक्' करून बसले. रचना इतकी डौलदार, की मी एकटाच मान डोलावत बसलो.

१० मार्च, मंगळवार

रचना फसली. ही बटण दाबते, यंत्र गप्प, ही माझ्याकडे रागाने पाहते, मी उत्साहाने म्हणतो, "म्हण! च... च...!" जणू पाळण्यातले मूल! तेवढ्यात यंत्र बोलून मोकळे होते. सर्वांत वाईट स्थिती लाल बटणाची. मी भाष्य करतो, ती दाबते, माझे भाष्य पूर्ण होते, सर्वत्र शांतता पसरते, आणि मग कोणीही बोलत नसताना: "पुरे आता तुमचं!"

संध्याकाळी तिने चमचा फेकून मारला. नेम चांगला आहे. डाव्या हाताचा!

११ मार्च, बुधवार

टॅबलेटला आज दिवसभर बोट लावले नाही. पुन्हा भिंत. माझ्या हुशारीने पंधरवड्याचे काम धुऊन गेले. उद्या सकाळी घड्याळाचे ठोकळे काढून टाकायचे. तिला हवे ते लगेच मिळू दे; आवाज कोणाचा का असेना.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी टॅबलेट, शेगडीवर दूध. घड्याळे एकेक करून काढत होतो. निम्मी झाली असतील, तोच आवाज आला — "दू...ध!"

जाड, फाटलेला आवाज. मनात म्हटले, स्पीकर बिघडला. टॅबलेट उचलून कानाशी धरला. मग वाटले, एखादा ठोकळा भलत्या जागी बसला आहे. बटण न दाबता ध्वनी वाजतो आहे. चष्मा पुसला. पहिल्या ठोकळ्यापासून ओळीने तपासायला बसलो. पुन्हा आवाज, आता संतापलेला — "अ-हो! दूध!"

दुधाचे बटण मी केलेलेच नाही.

शेगडी अजून पुसलेली नाही.