मोजणीचा स्टँड

७ डिसेंबर, रविवार

चाचा, तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी एकदाही बोलले नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही, त्याची आधी माफी मागते. तुमचा लाकडी कॅमेरा अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या आजारपणात मालेगावच्या तुमच्या स्टुडिओतल्या बाकावर बसून तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणालात, "यानं पयले आपल्या मायचा फोटो काढ. मी नाही काढनार. तूच काढ." कॉलेज संपल्यावर दोन वर्षं मी तुमच्याकडे निगेटिव्हवर पेन्सिल चालवली, लोकांच्या डोळ्यांखालच्या रेघा पुसल्या, पण या कॅमेऱ्याला एकटीनं हात लावायची परवानगी नव्हती. एकदा लावायला गेले तर स्टँडचा एक पाय माझ्याकडे आणि दोन पुढे असे ठेवले. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही म्हणालात, "एक पाय सामोर ठेव बेटा. मांगं ठेवला त अडकून पडशीन. तुह्यासाठी दवाखाना हाय, कॅमेऱ्यासाठी कोठं हाय?" सगळे हसले. रागानं मी दोन दिवस आले नाही आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही निगेटिव्ह आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवलीत.

मायला फोटोचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, खुर्चीवर नको, वावरात उभी करून काढ. मेडशीच्या त्या दोन एकरांवर तिचा किती जीव, ते तुम्हाला ठाऊक होतं. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे मधला बांध, कोरला, तेव्हा सरकारी मोजणी होईपर्यंत ती दिवसभर उन्हात हद्दीच्या दगडापाशी उभी होती. म्हणजे वावरात नेता येईल असा स्टँड हवा होता, आणि तुमच्या सागवानी स्टँडचा पाय वाळवीनं खाल्लेला. तिथून माझं निवडणं सुरू झालं. एक हलका काळा स्टँड आणला. खांद्याला जाणवतही नव्हता, पण वारा आला की कॅमेऱ्याचा भाता शिडासारखा फुगे आणि मागच्या काचेवर दिसणारी तूर थरथरे. मग एक लोखंडी घेतला, तो हलेना, पण तो घेऊन एसटीत चढताही येईना. मधला दांडा नको, डोकं सपाट हवं, पाय काळ्या मातीत रुतून थांबायला हवेत, अशा अटी मी वहीत लिहीत गेले. प्रत्येक अट बरोबर होती. तरी आज वाटतं, मला स्टँड हवाच नव्हता, वेळ हवा होता. वाईट फोटो निघाला तर तुम्ही दिलेलं वाया गेलं असं ठरेल, याची भीती होती. या निवडण्यात वर्षं गेली आणि मधल्या काळात मायचं विसरणं सुरू झालं.

गेल्या महिन्यात एका निवृत्त मोजणीदाराकडे त्यांच्या मोजणीच्या यंत्राचा जुना लाकडी स्टँड पाहिला. जाड पाय, खाली लोखंडी टोकं, पायानं दाबून जमिनीत रोवायची. खांद्यावर घ्यायला पट्टा. माझ्या सगळ्या अटींत बसणारा. मालेगावच्या लेथवाल्यानं कॅमेऱ्यासाठी पितळी स्क्रू करून दिला. मोजणीदार हसून म्हणाले, न्या, पण हा जिथं उभा राहतो तिथं भांडण उभं राहतं. मीही हसले.

आज सकाळी मायजवळ राहणाऱ्या वहिनीनं तिला धुतलेलं लुगडं नेसवून वावरात आणून सोडलं आणि ती घरी परतली. सोयाबीन निघालेलं, तूर उभी. मी एक पाय सामोर ठेवून स्टँड रोवला, काळं कापड डोक्यावर घेतलं. काचेवर माय उलटी दिसत होती, आणि हळूहळू सरकत होती. मी डोकं बाहेर काढलं. ती हद्दीच्या दगडाला पाय लावून उभी होती, हात जोडून. "साहेब, मोजा तुमी," ती म्हणाली, "पन दगड हालवू नका."

मी "माय" म्हणून हाक मारायला हवी होती. मी म्हणाले, "मोजनी झाली. वावर तुमचंच हाय." तिचे हात सुटले, चेहरा सैल झाला, आणि मी बटण दाबलं. मग ती आपणहून बोलायला लागली. "मलेबी एक पोरगी हाय साहेब. फोटो काढते. येनार हाय माह्या फोटो काढाले. स्टँड पाहून राह्यली म्हने, भेटला का येते."

चाचा, संध्याकाळच्या एसटीनं परत आले. फोटो अजून धुतलेला नाही, पण तो स्वच्छ येणार हे मला माहीत आहे. वाऱ्यातही स्टँड केसभर हलला नाही. हे मी इतक्या खात्रीनं सांगू शकते, कारण ती ते बोलत होती तेव्हा मी तिच्याकडे पाहत नव्हते. बटण दाबल्यापासून स्टँडच्या पायांची टोकं किती रुतलीत तेच पाहत होते. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार नाही, आणि तुम्हाला सांगितलेलंही या वहीतच राहील.

उद्या: सकाळच्या एसटीनं मेडशीला जाणे. सोबत काही न घेता.